तीन पंचवीसची सही

या सदरातले अनुभव मी दोन वर्षं वाचते आहे. सकाळचा चहा निवेपर्यंत वेळ जातो, एवढंच. घाटात लिफ्ट मागणारी बाई, उलट्या पायांचा वॉचमन, लॉजमधली शेवटची खोली… आणि खाली शंभर जणांचं 'अंगावर काटा आला'. माझ्या अंगावर काटा येतो तो तुमच्या शुद्धलेखनाने.

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता. अजूनही नाही. हे वाक्य इथे प्रत्येक जण पहिल्या परिच्छेदात लिहितो आणि तिसऱ्या परिच्छेदात लिंबू कापायला बसतो. मी बसणार नाही. जे झालं ते क्रमाने सांगते. ज्यांना घाबरायचं असेल त्यांनी दुसरीकडे जावं.

मी कोलकात्यात जन्मले. वडील गार्डन रीचला रेल्वेच्या ऑफिसात होते. घरात मराठी, जिन्यात बंगाली, शाळेत इंग्रजी. फिजिक्समध्ये एमएस्सी केलं, हवामान खात्यात लागले आणि नोकरीची शेवटची अकरा वर्षं विमानतळावरच्या हवामान कार्यालयात काढली. कार्यालय म्हणजे दुसऱ्या मजल्यावर कॉरिडॉरच्या टोकाला एक लांबट खोली. दार एकच. खिडक्या न उघडणाऱ्या. समोर काउंटर, त्यावर दोन रजिस्टरं — एकात आम्ही कुणाला फोन करून कुठला इशारा दिला ते, दुसऱ्यात जो पायलट समोर येऊन माहिती घेऊन गेला त्याचं नाव, वेळ आणि सही. वेळ मी लिहायची, सही त्याने करायची. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या हातची एकही नोंद क्रम सोडून झालेली नाही. हे बढाई म्हणून सांगत नाही. पुढे लागणार आहे म्हणून सांगते.

चैत्र-वैशाखात इथे काय होतं ते बाहेरच्यांसाठी थोडक्यात. पश्चिमेकडचं पठार दुपारी तापतं, समुद्रावरून दमट वारा तिकडे जातो आणि ढगांची एक रांग उभी राहते. ती रांग संध्याकाळी शहरावर येते तेव्हा लोक गच्चीवर जाऊन कविता करतात. कालबैशाखी म्हणतात तिला. कविता करणाऱ्यांना तिच्या पोटात काय असतं ते माहीत नसतं. वर उसळणारी आणि खाली आपटणारी हवा अगदी शेजारी-शेजारी असते, मध्ये गारा. मोठी प्रवासी विमानंसुद्धा तिला लांबून वळसा घालतात. लहान विमानाने तर तिच्या वाऱ्याला उभं राहू नये.

कॅप्टन अभय दातार लहान विमान चालवायचा. मूळचा साताऱ्याचा, चाळिशीचा, इथल्या एका खासगी चार्टर कंपनीत नोकरीला. बाकीचे पायलट हवामान टॅबलेटवर उतरवून घेतात. हा दोन जिने चढून वर यायचा. मला वाटायचं, मराठी बोलायला मिळतं म्हणून येतो. आमच्याकडे बंगालीच्या संगतीने 'चहा खाणार का' असं विचारतात. पहिल्यांदा मी तसं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "खातो ताई, पण बिस्किट प्यायला द्या." मग दर वेळी तोच विनोद. मला विनोद फारसे आवडत नाहीत. तोच विनोद दुसऱ्यांदा तर मुळीच नाही.

तो हुज्जत घालायचा. "ताई, हा ढग तुम्ही बघितलाय की कॉम्प्युटरने सांगितलाय?" असले प्रश्न. मी त्याला उडाणटप्पू समजत होते. पण एक होतं — मी नको म्हटलं की तो जायचा नाही. दोनदा मी त्याला थांबवलं, आणि दोन्ही वेळा ढग काही आलेच नाहीत. कंपनीने त्याला झापलं. ते त्याने मला कधी ऐकवलं नाही. मला ते तपनदांकडून कळलं. तपनदा म्हणजे माझे सहायक, विमानतळावरच्या सगळ्या बातम्या त्यांच्याकडे पोहोचायच्या.

तर तीन वर्षांपूर्वीचा वैशाख. सकाळी नऊला दातारच्या कंपनीचा माणूस येऊन दिवसाचा अंदाज घेऊन गेला. त्यात लिहिलं होतं — पश्चिमेला संध्याकाळी पाचनंतर वादळ. साडेबाराला रडारवर चित्र बदललेलं दिसलं. पाच कुठले, तीनच्या आतच रांग उभी राहणार होती. मी सुधारित इशारा काढला आणि पश्चिमेकडे ज्यांची उड्डाणं असू शकत होती त्या सगळ्यांना फोन केले. दातारच्या कंपनीच्या ऑपरेशन्स ऑफिसला बारा चाळीसला. फोन घेतला बत्रा नावाच्या मॅनेजरने. नाव आणि वेळ रजिस्टरात लिहिली. माझं काम झालं.

तीन वाजून पाच मिनिटांनी एका ट्रेनिंग विमानाचा कॅप्टन येऊन माहिती घेऊन गेला. त्याची सही आहे.

तीन पंचवीसला दातार आला.

दार उघडल्याचं मी पाहिलं का? नाही. मी खाली बघून लिहीत होते. मान वर केली तर तो काउंटरपाशी उभा. पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या, नेहमीसारखा. थंडगार हवा आली नाही, दिवे मिचमिचले नाहीत, कुत्रं रडलं नाही. एवढंच वेगळं की त्याने चहाचा विषय काढला नाही.

"ताई, दुपारचा इशारा कुणाला दिलात?"

"तुमच्या ऑपरेशन्सला. बारा चाळीसला."

"घेतला कुणी?"

मी पहिलं रजिस्टर उलटं फिरवून त्याच्यापुढे केलं. त्याने बत्राचं नाव वाचलं. दोनदा वाचलं असावं, कारण वेळ लागला.

"मला कुणी सांगितलं नाही," तो म्हणाला.

मला तो सूर आवडला नाही. यांच्या कंपनीतली भांडणं माझ्या काउंटरवर कशाला? मी म्हटलं, "मग आता मी सांगते. पश्चिमेला अख्खी रांग उभी आहे. फट नाही. जायचं नाही."

त्याने मान हलवली. मग म्हणाला, "रडार बंद होता, ताई. विमानातला. दोनदा लिहून दिलं होतं मी."

"ते मला सांगून काय उपयोग? माझ्याकडे ढग आहेत, तुमची विमानं नाहीत. सही करा."

मी वेळ लिहिली — १५:२५ — आणि पेन त्याच्याकडे दिलं. त्याने सही केली. मग भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनकडे बघत राहिला. त्यावर ती ढगांची रांग होती, लाल आणि मध्ये जांभळी.

"इथून किती स्पष्ट दिसतं," तो म्हणाला.

मला वाटलं टोमणा मारतोय. तेवढ्यात फोन वाजला, मी वळून तो घेतला, परत बघते तर तो गेलेला. चार मिनिटांच्या आतली गोष्ट. तपनदा खोलीच्या पलीकडच्या टोकाला कॉम्प्युटरवर होते, माझ्याकडे पाठ करून. तीन एकतीसला ते चहा आणायला बाहेर पडले. तीन चाळीसला पुढचा पायलट आला, त्याचीही सही आहे.

चार वाजून पाच मिनिटांनी कंट्रोलमधून फोन आला. ओळखीचा कंट्रोलर होता. म्हणाला, "मॅडम, पश्चिमेचं ताजं चित्र पाठवा. दातारचं विमान रडारवरून नाहीसं झालंय."

"कुठलं विमान? दातार आत्ता इथे होता."

"नाही मॅडम. दोन अडतीसला उडालाय तो. तीन नऊला रडारवर शेवटचा दिसला."

मी म्हटलं, "तुमची काहीतरी चूक होतेय." आणि फोन ठेवला. चित्र मात्र पाठवलं.

चूक नव्हती. बाँकुड्याच्या पुढे एका कोरड्या शेतात विमान पडलं होतं. दातार, त्याचा सहवैमानिक आणि विमान ज्या कारखान्याने भाड्याने घेतलं होतं तिथले दोन इंजिनियर. कुणीच वाचलं नाही. गावातल्या लोकांनी आवाज ऐकला तेव्हा तीन वाजून गेले होते. तीन पंचवीसला तिथे गारा पडत होत्या आणि माणसं पत्रे डोक्यावर धरून विमानाकडे पळत होती. शेवटच्या मिनिटांत कंट्रोलशी झालेलं त्याचं बोलणं नंतर आम्हाला ऐकवलं गेलं. शांत आवाजात तो म्हणाला, समोर ढग आहे, उजवीकडे वळतो. ज्याच्या विमानात रडार चालत नाही त्याने डावीकडे वळावं की उजवीकडे? त्याच्या उजवीकडे रांगेतला सगळ्यात मोठा ढग होता.

इथे लोक लिहितात 'मी थरथर कापू लागले'. मी कापले नाही. मला राग आला. माझ्या काउंटरवर, माझ्या पेनाने, माझ्या रजिस्टरात कुणीतरी सही करून गेलं होतं आणि ते कोण हे मला सांगता येत नव्हतं.

मी माझीच चौकशी सुरू केली. भिंतीवरचं घड्याळ उपग्रहावरून वेळ घेतं. ते बरोबर होतं. तपनदांना विचारलं.

"दीदी, तुम्ही मराठीत बोलत होता," ते म्हणाले. "मला वाटलं फोनवर आहात."

"दुसरा आवाज ऐकलात?"

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. "मी लक्ष दिलं नाही, दीदी."

हा माणूस खाली रनवेवर कुणी शिंकलं तरी सांगायचा. नेमकं त्या दिवशी त्याने लक्ष दिलं नाही. असो.

मी डोक्याचा एमआरआय करून घेतला. डोळे तपासले, रक्तदाब तपासला. डॉक्टर म्हणाला, वयाच्या मानाने उत्तम आहे. मी त्याला खरं कारण सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी खात्याला लेखी निवेदन दिलं. त्यात तो आल्याची वेळ, त्याचं प्रत्येक वाक्य, रडारबद्दलचंसुद्धा, जसंच्या तसं लिहिलं. आमच्या साहेबांनी ते वाचलं आणि ड्रॉवरमध्ये ठेवून दिलं. म्हणाले, "थोडं थांबू या." खात्यात 'थांबू या' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत असतं.

चौकशी समिती नेमली गेली. आणि मग कंपनीच्या हातात माझं रजिस्टर पडलं.

कंपनीचं म्हणणं सरळ होतं. कॅप्टन दातार हवामान कार्यालयात गेला होता, वादळाचा इशारा त्याला समोरासमोर दिला गेला, ही बघा त्याची सही. सगळं माहीत असताना तो उडाला. चार माणसं त्याच्या हट्टापायी गेली. मग १५:२५ चं काय? — ती मॅडमची चूक. १४:२५ लिहायचं ते १५:२५ झालं. दोन अडतीसला विमान उडालं, त्याआधी तेरा मिनिटं तो वर होता. सगळं कसं छान बसत होतं. आणि बत्रा? बत्रा म्हणाला, "मी फोनवरचा इशारा ऐकल्यावर कॅप्टनला हवामान कार्यालयातच पाठवलं. तो गेला. सही आहे."

समजतंय का तुम्हाला? जे काही त्या दुपारी माझ्याकडे आलं होतं, त्याने सही करून दातारलाच गुन्हेगार ठरवलं होतं.

सुनावणीच्या आदल्या आठवड्यात दातारची बायको माझ्या घरी आली. वैदेही. दुपारी, एकटी. मी लेक मार्केटजवळ राहते, पत्ता तपनदांनी दिला असणार. बारीक चणीची, एका शाळेत गणित शिकवणारी. रडत-बिडत नव्हती. खुर्चीच्या कडेवर बसली.

"ताई, कंपनीचे लोक घरी येऊन गेले," ती म्हणाली. "म्हणाले, अभयला सगळं माहीत होतं, तरी गेला. त्या दोन इंजिनियरांच्या घरच्यांनाही तेच सांगितलंय. त्यातल्या एकाची आई मला फोन करते. रोज करते. काही बोलत नाही, नुसती ऐकते." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तो तुमच्याकडे आला होता का?"

मी ठरवून ठेवलं होतं काय सांगायचं ते. माझ्या निवृत्तीला सात महिने उरले होते. 'हो, आला होता, वेळेचा माझा गोंधळ झाला असेल' — एवढं म्हटलं की सगळे मोकळे. मला कुणी वेडं म्हणणार नव्हतं. शिवाय मला स्वतःलाही तेच पटायला हवं होतं. शास्त्र शिकलेल्या माणसाला दुसरं काय पटणार?

पण ती गणिताची बाई होती आणि थेट बघत होती.

"आला होता," मी म्हटलं. "पण नंतर."

"कशाच्या नंतर?"

मी सांगितलं. प्रत्येक वाक्य, जसं इथे सांगितलं तसं. सांगताना मला स्वतःचीच लाज वाटत होती.

मग ती जे म्हणाली त्याची मला अपेक्षा नव्हती.

"तुमच्याकडे आला," ती म्हणाली. "घरी नाही आला. मुलगी दारात बसली होती त्याची वाट बघत. आणि हा मेल्यावरसुद्धा कागद भरायला गेला."

मी म्हटलं, "चहा खाणार?" आणि तोंडातून शब्द गेल्यावर कळलं की नको होतं ते बोलायला. तिने मान हलवली, नको म्हणून. उठली. दारापाशी थांबून म्हणाली, "तुम्ही तिथे काय सांगणार आहात?"

"अजून ठरवलं नाही."

"तो खोटं बोलत नव्हता, ताई. रडारचं मला रोज सांगायचा. जेवताना सांगायचा. मी म्हणायची, जेव आधी." एवढं बोलून ती गेली.

समितीत तीन जण होते. अध्यक्ष निवृत्त हवाई अधिकारी, अतिशय सभ्य. इतके सभ्य की माझा संशय तिथेच बळावला. आमची सुनावणी विमानतळावरच्याच एका कॉन्फरन्स रूममध्ये झाली. एसी इतका थंड की बाजूला बसलेला बत्रा जाकीट घालून होता. रजिस्टर टेबलावर.

"मिस करंबेळकर," अध्यक्ष म्हणाले, "तुमचा रेकॉर्ड उत्तम आहे. पण कामाच्या ताणात एखादा आकडा चुकू शकतो. १४:२५. एवढं मान्य करायला काय हरकत आहे?"

"हरकत ही की ते खरं नाही."

"मग खरं काय?"

"कॅप्टन दातार तीन पंचवीसला आले. माझ्यासमोर सही केली. वरची नोंद तीन पाचची आहे, खालची तीन चाळीसची. दोन पंचवीसची नोंद मध्ये कशी येईल?"

"मागाहून भरली असेल."

"मी मागाहून भरत नाही."

दुसरे सदस्य हसले. म्हणाले, "मॅडम, तीन पंचवीसला कॅप्टन हयात नव्हते."

"ते मला माहीत आहे."

बत्रा जाकिटाची चेन वर-खाली करत होता. अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं आणि ज्या आवाजात आजारी माणसाशी बोलतात त्या आवाजात विचारलं, "मग तुमचं म्हणणं नक्की काय आहे?"

"माझं म्हणणं काहीच नाही," मी म्हटलं. "मी पाहिलं ते लिहिलं. अर्थ लावणं तुमचं काम. आमच्या कॉरिडॉरमध्ये कॅमेरा आहे, दारावर रोखलेला. अपघाताच्या दिवशीचं सगळं रेकॉर्डिंग तुम्ही सील केलंय. ते बघा. बारापासून चारपर्यंत. कोण आलं, कोण गेलं, सगळं कळेल."

हे मी का म्हटलं? शौर्य वगैरे काही नाही. मला खात्री हवी होती. तो दोन पंचवीसला दिसला असता तर मी तिथल्या तिथे लिहून दिलं असतं, हो, माझी चूक. आणि मग वैदेहीच्या नवऱ्याच्या डोक्यावर चार मृत्यू बसले असते, माझ्या हाताने. ते माहीत असूनही मी कॅमेरा मागितला. माझ्याबद्दल तुमचं काय मत व्हायचं ते होवो.

दोन दिवसांनी त्याच खोलीत रेकॉर्डिंग दाखवलं गेलं. चार तासांचं चित्र, भराभर पुढे नेत. बारा वाजता मी डबा घेऊन आत येते. तीन पाचला ट्रेनिंगचा कॅप्टन आत, तीन दहाला बाहेर. तीन एकतीसला तपनदा चहासाठी बाहेर. तीन चाळीसला पुढचा पायलट.

तीन दहा ते तीन एकतीस दार उघडलंच नाही. तीन पंचवीसला कॉरिडॉर रिकामा. मी ते पंधरा वेळा बघायला लावलं. रिकामा.

आणि दोन पंचवीसलाही रिकामा. दीडलाही. बारा ते चार, कॅप्टन दातार त्या दारातून एकदाही आला नव्हता.

अध्यक्षांच्या चेहऱ्यावरची सभ्यता पहिल्यांदाच थोडी सैल झाली. बत्राला घाम फुटलेला मी त्या थंड खोलीत पाहिला. कारण माझं म्हणणं खोटं ठरलं होतं तसं त्याचंही ठरलं होतं. "मी त्याला हवामान कार्यालयात पाठवलं, तो गेला" — कुठे गेला? कॅमेऱ्यात तर नाही.

"मिस्टर बत्रा," अध्यक्ष म्हणाले, "बारा चाळीसच्या फोननंतर तुम्ही काय केलंत?"

बत्रा आधी म्हणाला सांगितलं होतं. मग म्हणाला, निरोप ठेवला होता. मग म्हणाला, त्या दिवशी कारखान्याचे लोक घाई करत होते, संध्याकाळच्या आत पोहोचायचं होतं, सकाळचा अंदाज पाचनंतरचा होता, तीनचं ऐकलं असतं तर कॅप्टन निघालाच नसता… एवढं बोलून तो थांबला. आपण काय बोललो ते त्याला कळलं असावं.

पुढच्या गोष्टी मग ओघाने बाहेर आल्या. साहेबांच्या ड्रॉवरमधलं माझं निवेदन समितीने मागवून घेतलं, आणि त्यात रडारचा उल्लेख होता म्हणून अध्यक्षांनी विमानाचं लॉगबुक मागवलं. त्यातली दोन पानं नव्हती. कंपनीच्या एका मेकॅनिकने, नोकरी सोडून गावी गेल्यावर, आपल्या मोबाइलमधले फोटो पाठवले. दातारच्या अक्षरात, दोनदा — हवामान रडार बंद, दुरुस्ती आवश्यक.

अहवाल आला तेव्हा माझ्या निवृत्तीला थोडेच दिवस उरले होते. अपघाताची कारणं त्यात लिहिली आहेत ती अशी: वादळी ढगांच्या रांगेत प्रवेश, विमानातला रडार नादुरुस्त असताना उड्डाण, सुधारित इशारा वैमानिकापर्यंत न पोहोचवणं, वेळेत निघण्यासाठी कंपनीकडून दबाव. वैमानिकाने उपलब्ध माहितीच्या आधारे घेतलेला निर्णय अवाजवी म्हणता येत नाही — असं वाक्य आहे. वैदेहीने ते मला फोनवर वाचून दाखवलं. त्या इंजिनियरच्या आईलाही वाचून दाखवलं, म्हणाली. त्यानंतर त्या आईचे फोन थांबले. वैदेही आता मुलीला घेऊन साताऱ्याला असते.

माझ्याबद्दल अहवालात वेगळा परिच्छेद आहे. साक्षीदाराचं निवेदन अपघाताच्या मानसिक धक्क्यामुळे अविश्वसनीय मानण्यात येत आहे, खात्याने वैद्यकीय विश्रांतीचा विचार करावा. तिसऱ्या दिवशी लिहिलेल्या त्याच अविश्वसनीय निवेदनातलं रडारचं वाक्य मात्र शब्दशः खरं निघालं. त्या दुपारच्या आधी दातार मला शेवटचा भेटला त्याला महिना झाला होता, आणि त्या भेटीत त्याने रडारचा र सुद्धा काढला नव्हता. मग मला ते कळलं कसं, हे तीन शहाण्या माणसांपैकी एकानेही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर लिहावं लागलं असतं.

सही त्यांनी हस्ताक्षरतज्ज्ञाकडे पाठवली. सही दातारचीच. शाई आमच्या कार्यालयातल्या पेनाची. नक्कल नाही, ठसा नाही, हात थरथरलेला नाही. आणि त्याखाली समितीने लिहिलंय — 'या नोंदीचा उगम निश्चित करता आला नाही.' पावणेदोनशे पानांच्या अहवालात एवढं एकच वाक्य मला प्रामाणिक वाटलं.

आता तुम्ही खाली लिहाल की आत्म्याला न्याय हवा होता. जरा डोकं चालवा. न्याय हवा असलेला आत्मा स्वतःविरुद्धच्या पुराव्यावर सही करून जाईल? ती नोंद फुकट गेली म्हणून तो सुटला. मी वेडी ठरले म्हणून ती फुकट गेली. हे सगळं आधी ठरवून कुणी केलं असेल तर तो माणूस जिवंतपणी बुद्धिबळ खेळत असणार, आणि दातारला पत्त्यांतला झब्बूसुद्धा धड येत नव्हता असं वैदेही सांगते. दुसरे कुणी लिहितील की मला भास झाला. भासाला सही करता येते का, तेही लिहा सोबत. मी वाचीन.

माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तीन वर्षं शोधते आहे. कुठल्या नियमात बसवावं ते मला कळत नाही, आणि ज्यांना कळतं असं वाटतं त्यांच्याबद्दल मला काय वाटतं ते एव्हाना तुम्हाला समजलं असेल. घड्याळ बरोबर होतं. कॉरिडॉर रिकामा होता. माणूस समोर उभा होता. या तिन्ही गोष्टी एका वेळी खऱ्या असू शकत नाहीत, आणि यातली एकही मला खोटी ठरवता आलेली नाही.

निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी गुच्छ दिला आणि बाजूला घेऊन म्हणाले, आता तरी ती वेळ दुरुस्त करून टाका, रजिस्टर समितीकडून परत आलंय, रेकॉर्डला जायचंय, लोक हसतील. लाल पेन त्यांनीच पुढे केलं. मी ते घेतलं, पान उघडलं, चष्मा लावून नोंद पुन्हा एकदा वाचली. मग शेजारच्या रकान्यात लिहिलं: 'तपासली. बरोबर आहे.' खाली माझी सही केली, आणि वेळ घातली.